विलासभाऊंची आवडती बाटली नेमकी कोणती?

विलासभाऊ माझ्याशी खोटं बोलले.

एकदा नाही, दोनदा.

आज त्यांचं वर्षश्राद्ध झालं. आत्ताच धुळ्याहून जळगावला परत आलोय आणि डोक्यात नुसता गोंधळ आहे. म्हणून इथे लिहितोय. कुणाला काही उलगडलं तर सांगा बुवा.

जे ओळखत नाहीत त्यांच्यासाठी. धुळ्यात भाऊंचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. माझी पहिली नोकरी धुळ्यात, तेव्हा मी त्यांच्याच वरच्या खोलीत भाड्याने राहायचो.

पहिल्या पगाराला मी वाइन शॉपच्या काउंटरवर लेबलं वाचत उभा होतो. स्कॉच प्यायची होती, कळत काहीच नव्हतं. मागून आवाज आला,
"लेबल नंतर वाच रे भो. पहिले खिसा देख, मंग बाटली देख."

घरमालक! मला तर घाम फुटला.

त्यांनी मात्र शांतपणे खालच्या फळीवरची एक बाटली काढून दिली. माल स्कॉटलंडचा, पण पिंपातून येऊन आपल्याकडे भरलेला, म्हणून स्वस्त.

मग गच्चीवर पहिला धडा.
"बरफ नको टाक. दोन थेंब पानी टाक, मंग वास ले."

हळूहळू सगळं शिकवलं. ब्लेंडेड म्हणजे काय, सिंगल माल्ट म्हणजे काय. धुरकट स्कॉच पहिल्यांदा हुंगली तेव्हा मी तोंड वाकडं केलं, तर म्हणाले, "काड्यांवर भाजेल वांगानं भरीत खास ना? तोच धूर शे हाऊ."
आणि हे तर दर वेळी सांगायचे, की बारा वर्षं ती पिंपात काढते. एकदा बाटलीत भरली की तिचं वय थांबलं. कपाटात वीस वर्षं ठेवा, ती बाराचीच राहणार.

त्या पहिल्या दिवशी खालच्या फळीवरच्या बाटलीकडे बोट दाखवून हळूच म्हणाले होते,
"हाई मनी बठ्ठास्मा आवडती शे. कोनले सांगू नको."

मी नाही सांगितलं. इतकी वर्षं. भाऊंची सगळ्यात आवडती बाटली कोणती, हे गुपित फक्त माझ्याकडे आहे याचा मला अभिमान होता.

परवा वहिनींचा फोन आला. "संजू, वर्षश्राद्धाला त्यांच्या आवडीची बाटली फोटोपुढे ठेवायचीय. मला त्यातलं काही कळत नाही. तुला नक्की ठाऊक असेल."

म्हटलं, वहिनी, मला नाही तर कुणाला?

आज सकाळी बाटली घेऊन पोचलो, तर फोटोपुढे आधीच दोन बाटल्या.

एक शेजारच्या पाटील सरांची. बारा वर्षांची ब्लेंडेड.
एक भाऊंच्या नेहमीच्या डॉक्टरांची. सिंगल माल्ट, माझ्या बाटलीच्या चौपट भारी.

"सर, ही नाही हो. भाऊंना हीच आवडायची," मी माझी पुढे केली.
सर म्हणाले, "मला त्यांनी स्वतः सांगितलंय. कोनले सांगू नको म्हणाले होते."
डॉक्टरांनी चष्मा काढला. "मलाही."

तिघंही आपापली बाटली पुढे सरकवायला लागलो. तिकडे आगारीचे निखारे फुलले होते, त्यांवर पितरांचा घास टाकायचा होता, आणि इथे आम्ही भांडत होतो.

वहिनी आल्या. "फोटोपुढे दुकान मांडलंय का?"
त्यांना सगळं सांगितलं. खरं सांगतो, मला राग आला होता. म्हटलं, "वहिनी, भाऊ प्रत्येकाला वेगळंच सांगायचे. मग मला त्यांच्याबद्दल काय माहीत होतं?"

वहिनी म्हणाल्या, "ज्याला जी परवडेल ती त्यांची आवडती. नाहीतर तू तुझी बाटली घेऊन त्यांच्यासमोर बसला असतास का?"

नसतो बसलो. लाजलो असतो.

मग त्या आत गेल्या आणि कपाटातून एक बाटली घेऊन आल्या.

ती मी दिलेली.

तीन वर्षांपूर्वी प्रमोशन झालं तेव्हाची, बारा वर्षांची सिंगल माल्ट. आयुष्यात विकत घेतलेली सगळ्यात महागडी. दारातच हातात दिली होती, गाडी चालू ठेवून, कारण घाई होती. आठवड्याने फोन केला, "भाऊ, कशी होती?" तर म्हणाले, "एक नंबर रे! संपनी बी."

सील तसंच होतं.

"म्हणायचे, संजू आला की फोडू," वहिनी म्हणाल्या. "मी म्हटलं, बोलवा की मग. तर म्हणे, बोलावलं की तो कामधाम सोडून पळत येईल. सवडीने येऊ दे."

जळगाव ते धुळे दोन तासांचा रस्ता. मी दर महिन्याला म्हणायचो, पुढच्या महिन्यात.

सील मी फोडलं. झाकणभर आगारीवर टाकली, तर भप्पकन निळी ज्योत उठली. सर दचकून मागे सरकले आणि वहिनी हसल्या. वर्षभरात पहिल्यांदा, असं त्यांची मुलगी म्हणाली.

मग आम्ही तिघांनी एकेक घोट घेतला. दोन थेंब पाणी टाकून.

भाऊ, चव कशी होती विचाराल तर मला सांगता येणार नाही. काही कळलंच नाही.
तुम्हाला खरंच कोणती आवडायची, तेही शेवटपर्यंत कळलं नाही.

एवढं मात्र ठाऊक आहे. बाटली अजून बारा वर्षांचीच होती. उशीर मला झाला.

येतो भाऊ. नमस्कार.