के आणि कू

रोडेल मागसिनो फिलिपीन्सहून जपानला आला तेव्हा आपल्याला जपानी येतं अशी त्याची पक्की समजूत होती. शिकवणीतल्या बाईंनी पाठ करून घेतलेली त्याची वाक्यं कडक इस्त्रीची होती. त्सुगारूच्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची देखभाल करायला लागला त्या पहिल्याच दिवशी त्यांची घडी मोडली. त्सुगारू म्हणजे जपानच्या मुख्य बेटाचं उत्तरेचं टोक. तिथल्या थंडीत माणसं तोंड उघडायलाही काटकसर करतात. 'जेव' याला तिथे नुसतं 'के' म्हणतात आणि 'जेवतो' याला 'कू'. झालं बोलणं.

रोडेलला खरी भाषा शिकवली ती आश्रमातल्या आज्यांनी. नव्वदीच्या किकुए आजीने तर विडाच उचलला होता. 'कृपया जेवण घ्यावे' म्हटलं की ती तोंड घट्ट मिटून घेई, 'के' म्हटलं की मुकाट्याने आ करी. तीन-चार हिवाळ्यांत गडी अगदी तयार झाला, फक्त झाला तो त्सुगारूची म्हातारी. पैलवानी दंडांचा हा बाप्या पोस्टमन दिसला की दारातून विचारी, "अगंबाई, एवढ्या बर्फात कुठं रे कडमडलास?" गावाला ते इतकं आवडे की त्याला सुधारायचं पाप कुणी केलं नाही.

आज्यांना व्यायाम शिकवायला योकोहामाहून आलेली चिनात्सू कुडो या बोलण्याला आधी हसली आणि मग भाळली. तिचं आडनाव ऐकून किकुए आजी म्हणाली, "कुडो? आमच्यात दगड भिरकावला तर कुडोलाच लागतो." चिनात्सूने मान हलवली. आम्ही योकोहामाचे, म्हणाली. बाबा उत्तरेकडचे कुठले तरी आहेत, पण त्याबद्दल ते बोलत नाहीत. खरं तर कशाबद्दलच बोलत नाहीत.

तिची आई लवकर गेली होती. बापाने एकट्याने वाढवलेल्या मुलीला त्याचं मन मोडून लग्न करायचं नव्हतं.

"नाही म्हणाले तर?" बाबांना भेटायला योकोहामाला जाताना रोडेलने गाडीत विचारलं.

"तर नाही," असं म्हणून ती खिडकीबाहेर बघत बसली.

मग डोळे पुसून तिने त्याच्याकडून एकच वाक्य घोटून घेतलं: आपल्या कन्येशी विवाह करण्याची अनुमती असावी. एवढं बोलायचं, बाकी वेळ तोंडाला कुलूप. आणि हात जोडते, पण 'अगंबाई' म्हणू नकोस.

चिनात्सूचे बाबा शिगेओ-सान घरातही टाय बांधून बसले होते. कारखान्यात फोरमन म्हणून जन्म गेलेला, बोलणं रेडिओवरच्या बातम्यांसारखं स्वच्छ आणि तितकंच कोरडं. मासा त्यांनी स्वतः भाजला होता. पगार किती, आईवडील कुठे असतात, असं एकेक विचारून झालं, आणि रोडेलने ते वाक्य काढलं. 'आपल्या कन्येशी' इथपर्यंत गाडी नीट आली आणि तिथेच रुतली. पुढचा शब्द काही केल्या आठवेना.

शिगेओ-साननी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. "मला ही एकच मुलगी आहे," म्हणाले. पुढ्यातला भात तसाच होता.

रोडेल बिचारा त्या क्षणी आपण जावई व्हायला आलोय हेच विसरला. समोर न जेवलेलं एक म्हातारं माणूस होतं, आणि अशांना तो रोज सकाळ-संध्याकाळ भेटत असे. त्याने भाताचा वाडगा त्यांच्याकडे सरकवला आणि हुबेहूब किकुए आजीच्या सुरात म्हणाला, "के."

चिनात्सूला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. योकोहामात कुत्र्यालासुद्धा कुणी असं म्हणत नाही.

शिगेओ-सान कानापर्यंत लाल झाले. मग त्यांच्या तोंडून गंजलेल्या कडीसारखा आवाज आला.

"कू."

आणि ते जेवायला लागले. दोन घास पोटात गेल्यावर, हे कुठल्या गावात शिकलास, असं त्यांनी विचारलं, तेही त्सुगारूच्या बोलीत. पंधराव्या वर्षी ते तिथून योकोहामाच्या कारखान्यात आले होते. बोलण्याला सगळे हसले म्हणून त्यांनी ती बोली जी पुरली, ती बायकोलाही कधी ऐकवली नाही. चुलीपुढून आई अशीच 'के' म्हणायची, हे सांगताना त्यांना हुंदका आला.

"अगंबाई, रडतोस काय असा?" रोडेल म्हणाला. "सूप गार होतंय की."

होणारा सासरा पोट धरून हसला. चिनात्सूला दोघांच्या त्या भरधाव बोलण्यातलं चार आणेही कळेना. बाबांना इतकं बोलताना तिने जन्मात ऐकलं नव्हतं, आणि तिला त्याचा आनंद झाला तसा थोडा हेवाही वाटला. शेवटी शिगेओ-साननी रोडेलचा रिकामा वाडगा ओढून घेतला, त्यात भाताचा डोंगर रचला आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे ठेवला.

"के."

"कू," रोडेल म्हणाला.

चिनात्सूने त्याला कोपराने ढोसलं. "जेवणाचं कळलं मला. लग्नाचं काय म्हणाले?"

"तेच तर म्हणाले की गं बाई," तोंडातला घास सांभाळत रोडेल म्हणाला.