गडग्याचे दगड

नागेश मेस्त्रीशी वाद घालणं म्हणजे आपणच आपलं डोकं उठवून घेणं. वेंगुर्ल्याकडचा सुतार. काम देखणं, पण जन्मात कधी 'चुकलं' म्हणालेला नाही. सौदीतल्या अभा शहरात एका मेन्टेनन्स कंपनीत आम्ही एकाच खोलीत राहायचो, तो सुतार आणि मी प्लंबर. मी साताऱ्याकडचा, त्यामुळे थंडी आपल्याला नवी नाही असा माझा समज होता. असीरच्या डोंगरात पहिल्याच हिवाळ्यात तो माज उतरला. नागेश तर डिसेंबरात चढवलेली कानटोपी फक्त अंघोळीपुरती काढायचा.

नमास गावाच्या अलीकडे एका खेड्यात आमच्या कंपनीचं गिऱ्हाईक असलेल्या अबू हम्मादचं दगडी घर आहे, पार उताराच्या काठावर. त्याची आई हज्जा आमिना, ऐंशी उलटलेली, गुडघे गेलेली. हिवाळाभर धुकं आणि गारठा, त्यामुळे बिचारी शेगडीपाशी कोंडलेली असायची. तिला एकच हवं होतं, सकाळचं कोवळं ऊन जिथे आधी पडतं तिथे बसायला जागा. म्हणून अबू हम्मादने दारासमोर लाकडी जलसा बांधायला सांगितला. जलसा म्हणजे बसायची जागा. मी हे समजावून सांगितलं तर नागेश म्हणतो, "म्हातारेक पडवी होयी, असा सरळ सांग मां!"

घरापुढे जमीन उतरती, तेव्हा पडवीचे पुढचे खांब खालच्या मातीच्या टप्प्यावर उभे करायचे होते. त्यांच्याखाली बसवायला सपाट दगड हवे होते. त्या टप्प्याच्या कडेला बिनचुन्याची एक जुनी भिंत होती, मधे मधे ढासळलेली. नागेशने तिच्या तळातून चांगले मोठे चौकोनी दगड निवडून काढले. तेवढ्यात हज्जा खिडकीवर काठी आपटत ओरडायला लागली.

"काय म्हणता ती?" नागेशने विचारलं.

"भिंतीला हात लावू नका म्हणतेय. त्या भिंतीने डोंगर धरलाय म्हणे."

नागेश हसला. "अरे, गडगो आसा तो. आमच्याकडे घराघराक गडगे आसत. पडलेल्या गडग्याचे दगड सगळेच नेतत."

कोकणातला गडगा म्हणजे दगडी कुंपण. तो पडला तर शेजाऱ्याची गुरं आत शिरतात, यापलीकडे काही बिघडत नाही. इथली भिंत दिसायला हुबेहूब तशीच, पण टप्प्यावरच्या शेताची माती तिच्याच आधाराने उभी असते. शेत पडीक झालेलं, त्यामुळे ते ध्यानात येण्यासारखंही नव्हतं. हज्जा ओरडून ओरडून थकली आणि आम्ही कामाला लागलो.

पडवी मात्र झाली झकास. हज्जा खुर्चीत बसायची, अंगावर घोंगडं, हातात कहव्याची वाटी, आणि उन्हाकडे तोंड करून डोळे मिटायची. पहिल्या दिवशी तिने नागेशला हात वर करून दुआ दिली. हा बाबा दिवसभर शीळ घालत होता.

मग पाऊस लागला. दिवसा पाणी मुरायचं, रात्री तेच पाणी मातीत गोठायचं. अबू हम्मादचा फोन आला, पडवीचं दार घासतंय. नागेशने जाऊन रंधा मारला. "पावसात दार फुगताच," तो म्हणाला. थोड्या दिवसांनी पुन्हा तीच तक्रार, पुन्हा रंधा. तिसऱ्या खेपेला मीही सोबत गेलो, चहाचा पेला फळीवर ठेवला आणि तो आपला आपण बाहेरच्या कडेकडे सरकला. घराची भिंत आणि पहिली फळी यांच्यात बोट जाईल एवढी फट पडली होती. लाकूड फुगलं तर फट बुजते, वाढत नाही. हे नागेशला मी काय सांगणार?

तो रंधा ठेवून खाली उतरला. मीही मागोमाग गेलो. भिंतीला पोट आलं होतं. जिथून आम्ही दगड काढले होते तिथून चिखल पाझरत होता. आम्ही बघत असताना एक दगड सुटला आणि खाली गडगडत गेला. तो कुठे थांबला ते दरीतल्या धुक्यात दिसलं नाही. 

वर हज्जा ऊन खात बसली होती, अगदी बाहेरच्या कडेला. घरात दुसरं कोणी नव्हतं. तिला आपलं आपण उठता येत नव्हतं, आणि परक्या बाईला हात लावायची इथे कुणाची छाती नाही. मी दारातून हाका मारल्या. तिने हसून हातानेच नाही म्हटलं. नागेश पायताण काढून अनवाणी फळ्यांवर गेला. खाली काहीतरी करकरलं. मग मीही गेलो, आणि आम्ही तिला खुर्चीसकट उचलून आत आणलं. ती किंचाळत होती. नेमका त्याच वेळी अबू हम्माद घरात शिरला.

जन्मात न म्हणालेला शब्द नागेश त्या दिवशी म्हणाला. "माझी चूक झाली. मी दगड काढले. ह्यी पडवी पाडूक होयी." मी अरबीत सांगितलं. अबू हम्मादने ऐकून घेतलं, मग पडवीच्या मधोमध जाऊन दोनदा पाय आपटले. काही झालं नाही. "खलास," म्हणजे विषय संपला, असं म्हणून त्याने कंपनीला फोन लावला. खुर्ची परत बाहेर ठेवा म्हणून त्याने हुकूम सोडला, तेव्हा हज्जानेच नकारार्थी मान हलवली. "दार लाव," ती मुलाला म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून रडली. ते बघून नागेशलाही रडू आवरेना.

आठवडाभरात कंपनीने त्याला कायमचा गावी परत पाठवला. कामचुकार आणि वर वेडा, असा शिक्का मारून.

पडवी अजून उभी आहे, थोडी आणखी कललेली. इकडे पाऊस झाला की नागेशचा फोन येतो, "पडली काय रे?" मी नाही म्हटलं की किती कलली ते विचारतो. पडली नाही तोवर तो खोटा ठरतो, आणि पडली तर कोणाकोणाला घेऊन पडेल याने त्याची झोप उडालेली आहे.

काल कंपनीने मला काम दिलं. ईदला अबू हम्मादकडे सगळं खानदान जमणार, त्याआधी पडवीवर हात धुवायला नळ बसवायचा. दार पुन्हा उघडलंय. मी नागेशला सांगितलं. "पोरां पण येतली?" त्याने विचारलं. नातवंडं, पतवंडं, सगळी येतील, मी म्हटलं.

"तू नळ बसव नको," तो म्हणाला.

आज पहाटे निघालो. नोकरी जाणार, कदाचित इथे राहायचा परवाना, इकामाही. बायकोला अजून सांगितलेलं नाही. गाडीत नळाचं सामान ठेवलं नाही, फळ्या उचकटायची पहार ठेवली आहे. रस्ताभर पाऊस आहे.