चौथ्या भिंतीचा प्रतिध्वनी

दुपारची वेळ. मंचावर कामाचा एकच दिवा, पांढरट, कुणाच्याही चेहऱ्याला न मानवणारा. उजवीकडे गंजलेल्या पत्र्यांची उंच भिंत, सकाळीच उभी केलेली, आणि तिच्या पायाशी एक लाकडी खुर्ची. समोर, जिथे संध्याकाळी माणसं बसतील, तिथे काहीच दिसत नाही, कारण आगीसाठीचा लोखंडी पडदा खाली आहे. मधोमध एक माणूस उभा आहे. साठीला टेकलेला, करड्या स्वेटरच्या कोपरांना चामड्याची ठिगळं. हातात काठी, काठीच्या टोकाला कोटाच्या बटणाएवढी चकती. खडूच्या खुणेवर काठी टेकवायची, बाजूच्या टेबलावरच्या संगणकाकडे पाहत थांबायचं, मग पुढची खूण. एखादा पुजारी देवळाचे सगळे कोपरे शिंपडत जावा तसा तो चालला आहे.

तो ओर्टविन ब्रॉयटिगाम. मी विंगेत उभा राहून पाव खात होतो. मंचावर खायचं नसतं, म्हणून विंगेत.

ओर्टविन आमच्या नगरनाट्यगृहाच्या ध्वनिविभागात होता. त्याआधीची वीस वर्षं पोटॅशच्या खाणीत, जमिनीखाली. तिथली रेडिओयंत्रं तो सांभाळायचा आणि संदेश किती क्षीण येतो त्यावरून माणूस कुठल्या भुयारात असेल याचा अंदाज बांधायचा. दोन जर्मनी एक झाल्या, खाण बंद पडली, आणि तो आमच्याकडे आला. येताना उजवा कान तेवढा घेऊन आला. डावा एका सुरुंगानं नेला होता.

एका कानानं ऐकू येतं, पण आवाज कुठून आला ते कळत नाही. कॅन्टीनमध्ये कुणी हाक मारली की ओर्टविन आधी खिडकीकडे बघायचा, मग दाराकडे, आणि शेवटी आपल्या शेजारच्याकडे. बाकीचे हसायचे. तोही हसायचा, जरा उशिरा.

अशा माणसानं आवाजाला जागा द्यायचं काम अंगावर घेतलं होतं. नटाच्या कॉलरमध्ये ती चकती शिवायची. ती सेकंदाला अनेकदा रेडिओची एक बारीक टिचकी मारते. मंचाच्या वर आणि दोन्ही बाजूंना अँटेना. टिचकी जवळच्या अँटेनाला आधी पोचते, लांबच्याला नंतर, आणि त्या फरकावरून यंत्र नटाची जागा काढतं. मग त्याचा आवाज सगळ्या स्पीकरमधून असा मागेपुढे सोडायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, तो त्याच्या तोंडातूनच आला.

"यात अवघड काय?" मी एकदा सूप पिताना विचारलं होतं.

"टिचकी सरळ येत नाही ना, हार्टमुट. भिंतीवर आपटून येते, दिव्याच्या दांडीवर आपटून येते. तू चर्चमध्ये एकदा खोकलास तर देवाला दहादा ऐकू येतं. मी पहिला खोकला धरतो, बाकीच्यांना बाहेर बसवतो."

"आणि पहिलाच दबका असला तर?"

"मग मला आधीपासून ठाऊक हवं की कुठल्या कोपऱ्यात कोण खोटं बोलतं. म्हणून तर काठी घेऊन फिरतो. काठी खरी कुठे आहे ते मला माहीत असतं, यंत्र काय म्हणतं ते दिसतं. जेवढं खोटं, तेवढं वजा करायला त्याला शिकवायचं."

त्या वर्षी हे सगळं एका बाईसाठी चाललं होतं. गुंडुला पेशके. आमच्या नगरातले आजोबा आणि नातवंडं दोघंही तिचं नाव एकेरी घेत, इतकी ती जुनी. हिवाळ्यात तिच्या स्वरयंत्रावर शस्त्रक्रिया झाली आणि आवाजाचा तळ राहिला, वरचं सगळं गेलं. नदीकाठच्या म्हाताऱ्या नावाडणीची भूमिका तिच्यासाठी ठरलेली होती. दिग्दर्शिका म्हणाली, मायक्रोफोन लावू. गुंडुलाच्या पिढीत गद्य नाटकात मायक्रोफोन लावणं म्हणजे लोकांसमोर कवळी काढून ठेवण्यासारखं. तिसऱ्या दिवशी ध्वनिविभागाच्या खोलीत जाऊन ओर्टविनच्या उजव्या बाजूला उभी राहिली. मीही तिथेच बसलो होतो.

"मोठा कर माझा आवाज. पण माझाच राहू दे. डबीतून बोलणारी बाई मला व्हायचं नाही."

"तू उभी असशील तिथूनच येईल."

"आणि नाही आला तर?"

"तर मला काही ते कळणार नाही."

ती हसली. "बघ रे हार्टमुट, माझ्या घशाची किल्ली कुणाच्या हातात दिलीय मी." मग दिग्दर्शिकेकडे जाऊन तिनं अट घातली. पहिल्या प्रयोगाला एकही डोकं तिच्यावरून वळून स्पीकरकडे गेलं, तर दुसऱ्यापासून दिग्दर्शिकेनं एरफुर्ट शहरात हेरून ठेवलेली बदली नटी काम करेल. आणि गुंडुला पुन्हा मंचावर पाय ठेवणार नाही. ती बोलेल ते करणारी बाई होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तालमींत सारं नीट चाललं. आवाज तिच्याबरोबर चालायचा, बसायचा, वळायचा. मग पहिल्या प्रयोगाच्या दिवशी सकाळी ती पत्र्याची भिंत आली, ठरल्यापेक्षा आठवडाभर उशिरा. पत्रा म्हणजे रेडिओलहरींचा आरसा. जुनी मोजणी फुकट गेली. म्हणून ओर्टविन दुपारी पुन्हा काठी घेऊन फिरत होता, आणि मी पाव खात होतो.

संध्याकाळी मी रंग लावून विंगेत आलो. मी नाटकात नावाडणीच्या दिराचं काम करत होतो. अग्निशमन दलाचे लिंडिग त्यांच्या स्टुलावर येऊन बसले होते. आमच्याकडे त्यांच्याशिवाय प्रयोग होत नाही, आणि ते कामावर नसतील तर लोखंडी पडदा, आमच्या भाषेत नुसता लोखंडी, वर ठेवता येत नाही. गुंडुलाची शाल, चकती शिवलेली, पत्र्याजवळच्या खुर्चीवर मांडून ठेवली होती. लिंडिगनी कळ दाबली. लोखंडी कण्हत वर जायला लागला. त्याच्यामागचा मखमली दर्शनी पडदा बंदच होता.

ओर्टविन टेबलाशी होता. तो म्हणाला, "हार्टमुट, शाल खुर्चीवरच आहे ना?"

"आहे की."

"कुणी हलवली?"

"कोण हलवेल? मंचावर चिटपाखरू नाही."

"इथे ती चालायला लागलीय."

मी त्याच्या खांद्यावरून पाहिलं. संगणकावर शालीचा निळा ठिपका हळूहळू पत्र्यातून आरपार पलीकडे निघाला होता. ओर्टविननं मान वर करून लोखंडीच्या खालच्या कडेकडे पाहिलं, ती वर वर जात होती, आणि परत ठिपक्याकडे पाहिलं.

"लिंडिग, एकदा खाली घेता का?"

"आत्ताच तर वर घेतला."

"घ्या हो."

लोखंडी खाली आला, ठिपका खुर्चीवर परतला. वर गेला, ठिपका निघाला. ओर्टविन टेबलाच्या कडेला बसला.

आम्ही नाटकवाले म्हणतो की मंचाला तीनच भिंती, चौथी मनातली. दुपारी आमच्या मंचाला चौथीही असते, पण जन्मभर तिथे काम करणाऱ्याला ती दिसेनाशी होते. ओर्टविननं याआधी दर वेळी तालमीआधी मोजलं होतं, लिंडिगच्या देखत, लोखंडी वर असताना. आज तेवढं दुपारी, लिंडिग कामावर नसताना. चार भिंतींमधलं खोटं त्यानं यंत्राला वजा करायला शिकवलं होतं, आणि आता चौथीच नव्हती. मी तिथेच उभा होतो. माझ्याही ध्यानात आलं नव्हतं.

गुंडुला वेषात आली. त्यानं तिला आडपडदा न ठेवता सांगितलं. "दुपारी लोखंडी खाली असताना मोजलं. माझी चूक. तुझा आवाज तुझ्या मागून येईल. पत्र्याजवळ तर पार पलीकडून."

"म्हणजे मेल्यावर येईल तसा."

"हो."

"मग पुन्हा मोज."

"टेबल सोडता येत नाही मला. दुपारी सावकाश जमलं, आता वेळ नाही. कुणीतरी काठी धरून फिरायला हवं."

"काठी कशाला?" तिनं शाल उचलून खांद्यावर घेतली. "सांग कुठे उभी राहू."

मखमलीच्या पलीकडे माणसं आत येत होती. खुर्च्यांच्या गाद्या खाली पडल्याचे आवाज, कुणाचा तरी लांबून नमस्कार. अलीकडे गुंडुला खडूच्या एकेका खुणेवर उभी राहत होती आणि ओर्टविन हलक्या आवाजात सांगत होता. "थांब. श्वास घे, हलू नको. झालं. पुढची."

"इतकं बारकाईनं मला एकाही दिग्दर्शकानं उभं केलं नाही."

"बोलू नको, खांदा हलतो."

"नवराही असंच म्हणायचा."

लिंडिग घड्याळाकडे पाहत उठले. तिसऱ्या घंटेआधी लोखंडी प्रेक्षकांसमोर एकदा पूर्ण खाली घेऊन दाखवायचा, हा नियम. लोकांना कळायला हवं की तो उतरतो.

"लिंडिग, थोडंच राहिलंय," मी म्हणालो.

"माझ्यासाठी थोडं नि फार सारखंच. आग लागली तर मी कुणाला सांगू, गुंडुलाबाई मोजून घेत होत्या म्हणून?"

त्यांनी कळ दाबली. त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. लोखंडी उतरला, पुन्हा चढला, आणि पाठोपाठ घंटा झाली. मंच मोकळा करायची वेळ आली होती.

"खुर्चीचा कोपरा राहिला," ओर्टविन म्हणाला.

"माझं शेवटचं बोलणं तिथेच आहे."

"तिथे मी तुझा आवाज देणार नाही. चुकीच्या जागेवरून देण्यापेक्षा नाहीच देणार. नाहीतर खुर्ची मधे आणू, दिग्दर्शिकेला मी सांगतो."

गुंडुलानं खुर्चीकडे पाहिलं. शाल नीट केली. "खुर्ची राहू दे तिथेच. नावाडीण मंचाच्या मधोमध नाही मरत."

मग तिनं त्याच्या डाव्या खांद्यावरून तीनदा थुंकल्यासारखं केलं, "टॉय, टॉय, टॉय." आमच्याकडे ही शुभेच्छा द्यायची पद्धत, आणि घेणाऱ्यानं आभार मानायचे नाहीत, नाहीतर प्रयोग बिघडतो. ती नेमकी डाव्या कानाशी दिली जाते. म्हणून आमच्या अख्ख्या नाट्यगृहात हा नियम कधीच न मोडणारा एकटा ओर्टविन.

मंचावरून पहिल्या काही रांगा दिसतात, उजेड परतून तोंडांवर पडतो. दिराला संवाद फारसे नव्हते, म्हणून मी डोकी पाहत होतो. गुंडुला डावीकडे गेली, डोकी डावीकडे गेली. ती वल्ह्याशी वाकली, डोकी खाली झाली. तिचा आवाज तिच्यातूनच येत होता, तिच्या तरुणपणापेक्षा जरा जाड. पहिला अंक गेला, दुसरा गेला.

शेवटी ती पत्र्याजवळच्या खुर्चीत बसली. स्पीकर बंद झाल्याचं मला कळलं ते आवाजावरून नाही, मागची हवा एकदम रिकामी झाली त्यावरून. उरलं ते गुंडुलाच्या गळ्यात शिल्लक होतं तेवढंच, सुतळी लाकडावर घासावी तसं. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थानं कानामागे हात धरला. कुणीतरी खोकलं, त्याला शेजारच्यानं गप्प केलं. डोकी वळली नाहीत. पुढे वाकली. मागच्या रांगांना निम्मंही ऐकू आलं नसावं. नंतर वर्तमानपत्रानं पत्र्याच्या भिंतीचं कौतुक केलं, आणि गुंडुलाबद्दल दीड ओळ लिहिली, त्यात आवाजाचा उल्लेख नव्हता. आम्ही ती दीड ओळ कॅन्टीनमध्ये चिकटवली.

दुसऱ्या दिवशी ओर्टविन सोल्यांका सूपचा वाडगा घेऊन माझ्यासमोर बसला.

"आवाज कुठून येत होता?"

"तिच्यातून."

"नक्की?"

"डोकी पाहिली मी. एकही वळलं नाही."

त्यानं सूप संपवलं, पाव फिरवून वाडगाही पुसून घेतला. त्याच दुपारी लिंडिगना बोलावून, लोखंडी वर ठेवून, तो कोपरा मोजला. लिंडिगना त्या बदल्यात ओर्टविनच्या बायकोच्या हातचा आलुबुखाराचा केक मिळाला, आणि पुढे कित्येक वर्षं मिळत राहिला, कारण लोखंडी खाली असताना ओर्टविननं पुन्हा कधी काही मोजलं नाही. संध्याकाळी त्यानं गुंडुलाला सांगितलं, खुर्चीतही आता आवाज देता येईल.

"नको," ती म्हणाली. "तिथलं माझं मला राहू दे."

त्या हंगामभर तसंच चाललं. एरफुर्टची बाई एकदा प्रयोग पाहायला आली, गुंडुलाला फुलं देऊन परतीच्या गाडीनं गेली. नंतर गुंडुला आणखी दोन नाटकांत उभी राहिली. ओर्टविन निवृत्त झाला, गावाबाहेरच्या बागेच्या तुकड्यात टोमॅटो लावायला लागला. शुभारंभाच्या प्रयोगांना मात्र यायचा, शेवटच्या रांगेत बसायचा, आणि मध्यंतरात मला विचारायचा, कुठून येतोय. मी सांगायचो.

गेल्या शरदात तो टेकडीवरच्या रुग्णालयात होता. मी आणि गुंडुला गेलो. आता तिचा आवाज कुजबुजीपेक्षा थोडासाच वर उरलेला. खाट भिंतीला लावलेली होती आणि पाहुण्यांची खुर्ची नेमकी त्याच्या डाव्या कानाशी. परिचारिका म्हणाली, खिडकीच्या बाजूला बसा, त्यांना तिकडून ऐकू येतं. गुंडुलानं खुर्ची उचलली, पण खिडकीपाशी औषधाचा स्टँड, तिथे जागा होईना. ती खुर्ची हातात धरून खाटेच्या पायाशी तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "ओर्टविन, कुठे बसू रे मी?"

त्याचे डोळे मिटलेले होते. तो पुढे आठवडाभर होता, पण झोपेतच, आणि बोलला नाही. त्यामुळे तिला त्यानं जे उत्तर दिलं तेच त्याचं शेवटचं.

"कुठेही बस गं, गुंडुला. मला तू नेहमी एकाच जागेवरून ऐकू आलीस."