अरुणदादाच्या डावीकडची सीट

अरुणदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावर रागावलेलो होतो. अजूनही आहे. माणूस गेला की राग विरघळतो असं मला गेल्या दीड महिन्यात बऱ्याच जणांनी सांगितलं. माझा विरघळला नाही. तो बाजूला ठेवून लिहायचं म्हटलं तर दादाचा मनमिळाऊ स्वभाव आणि हसरा चेहरा एवढंच उरतं, आणि ते दहाव्याला तिघांनी भाषणात सांगून झालं आहे. फोन आला तेव्हा मी वाशीममधल्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात कुणाच्या तरी सातबाऱ्याच्या प्रती काढत होतो. फोन रफीकभाईंचा होता. रफीकभाई म्हणजे दादाच्या गाड्यांचे जन्माचे मिस्त्री. ते एवढंच म्हणाले, "बाबूभाऊ, अरुणभाऊ गये. चाय पीते पीते..." गिऱ्हाइकाला तीन प्रती हव्या होत्या, अकरा निघाल्या. आठ महिने आम्ही बोललो नव्हतो. खरं सांगायचं तर तो बोलायला आला होता, मीच बोललो नव्हतो.

दादा माझा मावसभाऊ, चार वर्षांनी मोठा. मावशीचं घर अनसिंगला, आमचं रिठदला, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मी कायम मावशीकडे. एका सुट्टीच्या शेवटी, वह्यांना कव्हरं घालायच्या दिवसांत, मावशीनं आणलेल्या रद्दीत एक परदेशी मासिक निघालं. त्याच्या मधल्या दोन पानांवर एक लाल गाडी पसरलेली होती. बसकी, लांब नाकाची, दोनच दारांची, दोनच सीटांची, आणि खाली किड्यामुंग्यांसारखी जपानी अक्षरं. ते कव्हर दोघांनाही हवं होतं. दादानं ब्लेड आणलं आणि गाडी मधोमध कापली. पुढचा भाग त्याच्या गणिताच्या वहीला लागला, मागचा माझ्या इतिहासाच्या. त्यामुळे अख्खी गाडी पाहायची तर दोघांनी शेजारी बसून वह्या जुळवाव्या लागायच्या. उरलेली सुट्टी आम्ही तेच केलं. दादा म्हणायचा, "घेऊ तं हेच घेऊ, बाबू. मी चालवीन, तू बाजूले बसजो." मला ही वाटणी मान्य होती. ज्याच्या वाट्याला डिकी आली त्यानं स्टिअरिंग कशाला मागावं?

पुढे मी झेरॉक्सचं दुकान टाकलं आणि दादानं आधी दुसऱ्याचा ट्रक चालवला, मग स्वतःचा डंपर घेतला, मग दुसरा. समृद्धी महामार्गाचं काम निघालं तेव्हा त्याचे डंपर महिनोन् महिने मुरूम वाहत होते. आणि एक दिवस तो पुण्याहून गाडी घेऊन आला. तीच. परदेशातून परतलेल्या कुण्या डॉक्टरनं सामानासोबत आणलेली, तीन हातांतून फिरलेली, पण तीच. रंग तेवढा राखाडी होता. "लाल नाई भेटली," दादा म्हणाला, जणू बाजारातून भाजी आणली होती. वाशीमच्या टोकाला त्याचं घर आहे, तिथं गल्ली भरून माणसं जमली. मंदावहिनी नवं लुगडं नेसून ओवाळायला आल्या, पण गाडी इतकी बसकी की त्यांना बॉनेटपुढे गुडघ्यांवर बसून ओवाळावं लागलं. चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फुटला, दादानं चावी फिरवली, आणि मी डावीकडचं दार उघडून आत बसलो.

बसलो म्हणजे पडलो. ती सीट जमिनीपासून वीतभर उंचीवर, आणि माझं वजन तेव्हाही लोकांच्या डोळ्यांवर येण्यासारखं होतं. गल्ली खो खो हसली. वहिनी ताट हातात घेऊन तशाच उभ्या होत्या. मी त्यांना आतून हात केला! आज हे लिहिताना माझा तो हात मला दिसतो आहे.

गाडी सुरू केली की आतून एक बाई जपानीत एक वाक्य बोलायची. गोड, मऊ आवाज. तिचं म्हणणं काय होतं ते आम्हाला कधीच कळलं नाही. दादा सांगायचा, "म्हनते, बाबूभाऊ, या, बसा." वहिनींनी पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा त्या दारातूनच म्हणाल्या होत्या, "काय गाडी आनली! बाईचा आवाज हाय, अन् बाईले जागा नाई." आम्ही दोघं फार हसलो. मी तर हा विनोद वर्षभर सगळ्या नातेवाइकांना सांगत फिरलो.

आता गतिरोधकांचं सांगायला हवं, कारण आमच्या सगळ्या कथेचा जीव तिथं आहे. जपान्यांनी ती गाडी बनवताना वाशीम ते अनसिंग रस्ता पाहिला नव्हता. पहिल्याच दिवशी पहिल्याच गतिरोधकावर गाडीचं पोट असं घासलं की दादानं डोळे मिटून घेतले. मग त्याला युक्ती सुचली. "बाबू, उतर बरं जरा." मी उतरलो. गाडी दोन बोटं वर उचलली गेली आणि तिरपी होऊन अलगद पार झाली. पंधरा पावलांवर तो थांबला, आतूनच माझ्या बाजूचं दार ढकलून उघडं केलं, मी चालत जाऊन बसलो. अनसिंगपर्यंत चौदा वेळा. त्या दिवसापासून तीच रीत पडली. स्पोर्ट्स कारमधून फिरायचं म्हणून मी पायात चालायचे बूट घालू लागलो. मला मागून चालताना पाहून लोकांना वाटायचं गाडी बंद पडली आहे, आणि चारदोन जण धक्का द्यायला धावत यायचे. अनसिंगच्या चहाच्या टपरीवर एक म्हातारे बाबा रोज बसलेले असत. त्यांनी एकदा दादाला थांबवून विचारलं, "अरुन, गाडी एवढी भारी, अन् हे पोट्टं पायी काहून चालून राह्यलं?" तेव्हा हे पोट्टं पंचेचाळीस वर्षांचं होतं.

परत येताना दादा म्हणाला, "समृद्धी चालू होऊ दे, बाबू. त्या रस्त्याले एकबी गतिरोधक नाई. मुरूम मीच टाकला ना तिथं. मंग तुले उतराचं कामच नाई. नागपूरलोक बसूनच." ते वाक्य त्यानं पुढे कितीदा म्हटलं असेल... रस्त्याचं उद्घाटन पेपरात आलं तेव्हा मी ते कात्रण त्याच्या हातात नेऊन दिलं. पण तोवर गाडीचा क्लच गेला होता. सुटा भाग कुठंच मिळेना. गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली आणि वर्षं निघून गेली. मी महिन्यातून एकदा जाऊन ताडपत्री वर करायचो, डावीकडच्या सीटवर जरा वेळ बसायचो. वहिनी चहा आतच आणून द्यायच्या. खिडकीतून.

मागच्या वर्षी एका संध्याकाळी रफीकभाई दुकानात आले. "मुबारक हो बाबूभाऊ. क्लच मिल गया, बैठ भी गया. अरुणभाऊ कल सुबह निकलते बोले." दादानं मला काही कळवलं नव्हतं. मला वाटलं, गंमत करायची असेल. सकाळी सात वाजता मी थर्मास, बिस्किटांचे दोन पुडे आणि कमरेमागे घ्यायची उशी घेऊन त्याच्या दारात हजर. गाडी धुऊन पुसून उभी होती. वहिनी ओट्यावर होत्या. नवं लुगडं, केसांत गजरा. मी म्हणालो, "वा वहिनी, कुठं लग्न हाय का?" त्या उठून आत गेल्या. दादानं माझ्या उशीकडे पाहिलं.

"तू कायले आला रे?"

"कायले म्हनजे? समृद्धीवर!"

तो दाराकडे बघत राहिला, मग चाव्यांकडे. मला घाई झाली होती, मी बसून पट्टासुद्धा लावला. अखेर तोही बसला. बाई जपानीत बोलली. मी म्हणालो, "आलो, आलो." गाव सुटताना शेलूबाजारच्या वाटेला शाळेपुढचा मोठा गतिरोधक आहे. दादानं गाडी हळू केली, आणि त्यानं सांगायच्या आत, सवयीनं, मी पट्टा काढून उतरलो.

गाडी तिरपी होऊन पार झाली. पंधरा पावलं गेली. वीस गेली. मग तिनं तो घुमणारा आवाज काढला आणि ती निघून गेली.

मागचा भाग मला पाठ होता. गोल दिवे, मधली पट्टी, खालचा तो रुंद ओठ. शाळेच्या वयापासून तोच भाग तर माझ्याकडे होता. वळणावर दिसेनासा होईपर्यंत मी तो पाहिला. थर्मास आत राहिला, उशी आत राहिली. मला वाटलं ब्रेक लागला नसेल. मला वाटलं पुढं सावलीत थांबला असेल. मी तासभर त्या गतिरोधकावर उभा होतो. शाळेचे मास्तर आले, "बाबूभाऊ, गाडी बंद पडली काय?" मी म्हणालो, "नाई, येऊन राह्यली."

दोन दिवसांनी दादा बसनं परत आला आणि तडक माझ्या घरी. हातात नागपूरची संत्रा बर्फी, काखेत माझी उशी. "गाडी इकली, बाबू. नागपूरले एक शौकीन भेटला, त्याच्याच घरी नेऊन देल्ली."

"अन् मले काहून सोडलं?"

तो चपलेच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, "राहून गेलं."

किल्ली राहते, छत्री राहते. मी शंभर किलोचा माणूस, मी राहून गेलो. मी त्याला 'बस' म्हणालो नाही. गाडी विकायची ठरलं ते सांगितलं नाही, शेवटची फेरी आहे ते सांगितलं नाही, आणि ज्या रस्त्यावर मला उतरायचं नव्हतं त्या रस्त्याच्या आधीच मला उतरवून गेला. त्यानंतर तो तीनदा दुकानात आला, एकदा तर नको असलेल्या आधार कार्डाच्या प्रती काढायला. मी काढून दिल्या, तोंडातून शब्द काढला नाही. बर्फी मात्र मी खाल्ली. सगळी. राग खरा होता, पण बर्फीचा काय दोष?

तेराव्यानंतर वहिनींना भेटायला गेलो. शेड रिकामी होती, फरशीवर तेलाचा डाग तेवढा होता. वहिनींनी चहा दिला आणि माझ्यासमोर बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या म्हणाल्या,

"भाऊजी, एक सांगाचं होतं. यायनं सांगू देल्लं नाई. त्या दिवशी तुमाले उतरवून हे बायपासनं वापस आले. मले घ्याले."

मी कप खाली ठेवला.

"गाडी जानार होती ना. मी आदल्या दिवशी म्हनलं यायले, जाच्या आधी एकडाव मले बसू द्या. सात वर्सं गाडी दारात, अन् मी एकदाबी बसली नाई. सकाळी तयार झाली, तं तुमी उशी घिऊन आले." त्या जराशा हसल्या. "मंग वापस आले, अन् मी बसली. ते बाई बोलली. मी म्हनलं, हव बाई, बसली एकदाची."

नागपूरपर्यंत त्या बसूनच गेल्या होत्या. दादानं काच खाली केली होती, गजरा वाऱ्यानं सुटून गेला होता. वेगाचा काटा बघायची हिंमत झाली नाही म्हणाल्या. मला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. "माझं काई म्हनला का तो?"

वहिनींनी पदर सोडला. खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नाही.

"हव. समृद्धीवर चढलो, अन् म्हने... बाबू उभा असंन थो तिथंच. मंग आमी दोघंबी लय हासलो, भाऊजी." आणि मग त्या रडायला लागल्या. मीही रडलो, पण कशासाठी ते आम्हा दोघांचं एक नव्हतं.

निघताना त्या दारापर्यंत आल्या. काहीतरी चांगलं सांगावं म्हणून म्हणाल्या असतील, "गाडी बाकी झ्याक होती. वापरताना त्रास नाई काई. मले तं एकाबी गतिरोधकावर उतरा लागलं नाई."

त्यांचा हक्क होता, मला कळतं. सात वर्षं मी एका बाईच्या जागेवर बसून तिच्याच हातचा चहा प्यायलो, हेही कळतं. पण दादा, तुला तोंड होतं ना? "बाबू, आज मंदी बसते," एवढं म्हणायचं होतं. मी उतरलो असतो. उतरायचा तेवढा सराव अख्ख्या जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला नव्हता. तू मला सांगण्याऐवजी सोडणं पसंत केलंस, आणि मग हसलास. आणि आठ महिने तीच गोष्ट तोंडाशी घेऊन माझ्या दुकानात आधार कार्ड पुढे करत राहिलास.

परवा मुलगी अकोल्याहून तिच्या नव्या गाडीनं आली. गाडी उंच, ऐसपैस, पाच जणांची. तिनं मला रिठदला नेलं. गावाच्या तोंडाशी गतिरोधक आला आणि माझा हात आपोआप दाराच्या कडीवर गेला.

"बाबा, परत? अहो, ही घासत नाही!"

"हळू कर जरा," मी म्हणालो आणि उतरलोच. ती गाडी सहज पार झाली. मी मागून चालू लागलो. पुढं जाऊन ती थांबली, आतून हात लांबवून तिनं माझ्या बाजूचं दार उघडलं. मी मोजतो, नेहमी मोजतो. पंधरा पावलं.