उपसलेलं टाकं

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतो. दर्यापूरला राहतो आणि मोटारसायकलनं अप-डाऊन करतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे घडलं त्यात या दोन्ही गोष्टींचा वाटा आहे.

शाळेच्या भिंतीला लागून सत्यभामाबाईंचं घर. गाव खारपाणपट्ट्यातलं. बोअर मारा की विहीर खणा, खाली पाणी मुबलक आणि सगळं खारं. त्या पाण्यात तुरीची डाळ दोन तास उकळली तरी शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहा फाटतो. नळ आहे, त्याला बारा-पंधरा दिवसांतून एकदा पाणी येतं. गावात पाणी शुद्ध करायचं यंत्रही बसवलं होतं. उद्घाटन झालं, फोटो निघाले आणि यंत्र बंद पडलं. पाटी मात्र अजून दिमाखात उभी आहे.

सत्यभामाबाई अकोटकडच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या. तिकडे पाणी गोड. लग्न होऊन इथे आल्या तेव्हा सासरचा पहिलाच चहा त्यांनी अंगणात थुंकला होता आणि सासूनं त्यावर जे ऐकवलं ते त्या पुढं चाळीस वर्षं हसत हसत सांगायच्या. नवरा, चंद्रभानजी, एसटीत ड्रायव्हर. नोकरी पक्की झाली तेव्हा ते म्हणाले, गळ्यात काहीतरी करू. बाई म्हणाल्या, गळ्यात नको, अंगणात करा. मग घरावर टिन आलं, टिनाला पन्हळ आली, पन्हळीला पाइप, आणि अंगणाखाली बारा हजार लिटरचं टाकं. बारा हजार लिटर पावसाचं पाणी. गावात असं टाकं दुसरं नाही. लोकांनी आधी हसून घेतलं, मग पाहुणे आले की चहापुरतं पाणी मागायला यायला लागले.

त्या टाक्याचे कायदे होते. वैशाखात तळाचं पाणी उपसायचं, गाळ काढायचा, भिंती काथ्यानं घासून चुना मारायचा. उपसलेलं पाणी फेकायचं नाही, आळीत वाटायचं. पाऊस आला की पहिलं पाणी टाक्यात घ्यायचं नाही. टिनावर धूळ असते, पाखरांची घाण असते, ती धुऊन निघेपर्यंत पाइप नालीकडे धरून उभं राहायचं. "पयलं पानी नालीचं, दुसरं आपलं," असं त्या म्हणायच्या. मग बोट ओलं करून जिभेच्या टोकाला लावायचं आणि मान हलली की पाइप टाक्यात. पाइपला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

चंद्रभानजींनी चिखलदऱ्याचा घाट वीस वर्षं चालवला, एक ओरखडा गाडीला येऊ दिला नाही. रिटायर झाले आणि दोन वर्षांत किडन्यांनी दगा दिला. अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, मीठ तोडा, बोअरचं पाणी तोंडात घालू नका, मग डायलिसिस जेवढं लांबवता येईल तेवढं लांबवू. त्यांना त्याचंही हसू. मला म्हणायचे, "सर, जिंदगीभर मी गाडीचं पानी तपासलं. आता हे बाई माह्यं तपासून राह्यली." टाक्यातलं पाणी तेव्हापासून चहाला मिळेनासं झालं. ते फक्त त्यांचं. बाई स्वतः नळाचं पीत, नळ नसला की बोअरचं.

त्या वर्षी वैशाखात चंद्रभानजी पंधरा दिवस दवाखान्यात होते, म्हणून टाकं उपसायचं राहून गेलं. पावसानं तर थट्टाच मांडली. जूनमध्ये तोंड दाखवलं, जुलैत चार सरी, ऑगस्ट अख्खा कोरडा. कपाशी गुडघ्याच्या वर गेली नाही. सप्टेंबर संपत आला तेव्हा टाक्यात गुडघाभर पाणी आणि त्याखाली दोन वर्षांचा गाळ. पाण्याला पिवळी झाक आलेली, बारीक अळ्या दिसायला लागलेल्या. बाई लुगड्याच्या चार घड्या करून ते गाळत. पण होतं. पुरवून पुरवून होळीपर्यंत गेलं असतं.

अशात बंगालच्या उपसागरात वादळ तयार झालं.

आता माझ्या विद्वत्तेविषयी. मला मोबाइलवर ढगांचे नकाशे बघायचा नाद आहे. चार वर्षांपूर्वी अशाच एका वादळाच्या वेळी मी म्हटलं होतं, शुक्रवारी पाऊस येईल, आणि शुक्रवारी आला. तेव्हापासून मी गावात 'हवामानवाले सर' झालो. एक अंदाज बरोबर आला की माणूस कामातून जातो. पारावर चहा मिळायला लागला, लोक पेरणी विचारायला लागले, आणि मलाही ते आवडायला लागलं.

वादळाच्या बातम्या सगळा गाव माझ्याकडून घेत होता. टीव्हीवर किनाऱ्यावरची माणसं ट्रकमध्ये भरून हलवत होते, बायका डोक्यावर बोचकी घेऊन पळत होत्या, आणि आम्ही वऱ्हाडात बसून ते बघत खूश होत होतो. वाऱ्याचा वेग वाढला असं मी सांगितलं की लोकांचे चेहरे फुलत. शेजारच्या नत्थुजींनी तर मारुतीला नारळ फोडला. "येऊ दे बाप्पा, जोरात येऊ दे," म्हणाले. सत्यभामाबाई तेवढ्या म्हणाल्या, "तिकडं कोनाचं टिन उडून राह्यलं, अन् आपन नारळ फोडून राह्यलो." मग त्यांनीच विचारलं, "पन येईन का सर इकडं?"

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या शाळेच्या भिंतीशी आल्या.

"सर, पक्कं येते का?"

"पक्कं. परवा संध्याकाळपर्यंत. चार इंच तरी पडेल."

"तसं नाई. मी टाकं उपसू का, थे सांगा. गाळावर नवं पानी पडलं त सारंच नासते. धुऊन घेतलं त वर्षाची चिंता जाते. पन उपसलं अन् आलं नाई, त यायले पाजू काय?"

प्रश्न एवढा स्वच्छ होता. त्या अडाणी नव्हत्या, हिशोब त्यांना माझ्यापेक्षा चांगला कळत होता. माझ्या खिशातल्या मोबाइलवर वादळाचे दोन रस्ते दाखवले होते. एक आमच्या डोक्यावरून जात होता आणि दुसरा वरच्या वर छत्तीसगडातून मध्यप्रदेशात. सकाळी पहिला ठळक होता, दुपारी दोन्ही सारखे झाले होते. "सांगता येत नाही" हे तीन शब्द बोलायला पैसे पडत नव्हते. पण पारावरच्या हवामानवाल्या सरांना ते शोभलं नसतं.

मी म्हणालो, "उपसा."

त्यांनी तासाभरात आळीला हाका मारल्या. ज्यानं त्यानं घागर, बादली, कॅन आणली. अंगणात जत्रा भरली. त्या संध्याकाळी आळीतल्या प्रत्येक घरात तुरीची डाळ लोण्यासारखी शिजली. नत्थुजी चार भाकरी जेवले आणि ते त्यांनी सगळ्यांना सांगितलं. मला बाईंनी वाटीभर वरण भिंतीवरून दिलं, मी बोटं चाटून खाल्लं. चंद्रभानजींसाठी त्यांनी दोन घागरी काढून ठेवल्या, चार दिवसांच्या. मग साठीच्या वर गेलेली ती बाई शिडीनं टाक्यात उतरली, गाळ उपसला, भिंती घासल्या, चुना मारला.

तिसऱ्या दिवशी दुपारी पूर्वेकडून आभाळ भरून आलं. वारा सुटला. पत्रे वाजायला लागले. मुलं वर्गात थांबेनात, मी शाळा सोडली आणि भिंतीशी उभा राहिलो. सत्यभामाबाई पदर खोचून पाइप धरून तयार होत्या. चंद्रभानजी ओट्यावर बाजेवर बसले होते, दोन्ही हात टिनाखालून बाहेर काढून.

थेंब आले. टिन वाजलं. पाइपातून मातकट पाणी आलं आणि बाईंनी पाइप नालीकडे धरला.

मी मोबाइल उघडला. ढगांचा मोठा पट्टा वर, उत्तरेला सरकला होता. आमच्या डोक्यावर होतं ते त्याचं एक फाटकं टोक, आणि त्याच्या मागे काहीच नव्हतं. मला समजलं की हे एवढंच आहे. तेव्हा मी ओरडायला हवं होतं, बाई, पाइप टाक्यात घाला, घाण असो की गाळ असो, आहे ते हेच. भिंत छातीइतकी उंच, त्या माझ्यापासून दहा पावलांवर. मी ओरडलो नाही. ओरडलो असतो तर अंदाज चुकला हे त्यांना माझ्याच तोंडून कळलं असतं. तेवढ्यासाठी मी गप्प राहिलो.

"पयलं पानी नालीचं!" चंद्रभानजी लहान पोरासारखे ओरडले आणि हसले.

पाणी निवळलं. बाईंनी बोट ओलं करून जिभेला लावलं, मान हलवली आणि पाइप टाक्याकडे वळवला. धार बारीक झाली, थेंब झाले, थेंबही थांबले. पाऊस दहा मिनिटं आला असेल. टाक्याच्या तळाचा चुनाही नीट भिजला नाही.

त्या पाइप धरून तशाच उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सर, मांगून अजून हाये ना?"

"असेल," मी म्हणालो. "रात्री."

दुसऱ्या दिवशी मी वीस लिटरची कॅन मोटारसायकलला बांधून नेली. दर्यापूरला माझ्या घरात शुद्ध पाण्याचं यंत्र आहे. बाईंना म्हणालो, काळजी करू नका, रोज आणीन. त्यांनी मला एका शब्दानं काही म्हटलं नाही. उलट म्हणाल्या, "तुमी तरी काय करसान, वादळ काय तुमच्या हातात हाये?" त्या शिव्या देत्या तर बरं झालं असतं. रोज सकाळी धुतलेली रिकामी कॅन शाळेच्या भिंतीवर उपडी ठेवलेली असायची.

मी रोज कॅन नेली. दिवाळीच्या सुट्ट्या लागेपर्यंत. मग आम्ही घरचे सगळे चिखलदऱ्याला गेलो. चार दिवस हिंडलो, धुकं बघितलं, तिथली कॉफी आणली, तलावाचा फोटो स्टेटसला ठेवला. उरलेली सुट्टी सासरवाडीला. बाईंची आठवण आली नाही असं नाही. आली की मी मनाशी म्हणायचो, नळ आला असेल.

सुट्टी संपून गेलो तेव्हा भिंतीवर कॅन उपडी होती आणि तिच्यावर धूळ बसली होती. चंद्रभानजींचे पाय सुजले होते, डोळ्यांखाली पाणी साठलं होतं.

"नळ आला होता एक डाव," बाई म्हणाल्या. "मंग बोअरचं देल्लं. पन तसंच नाई देल्लं सर, चांगलं अर्धं होयेपर्यंत उकळून देल्लं. तुमीच सांगता ना पोरायले, उकळलं का पानी शुद्ध होते म्हनून. मी रोज आयकतो इथून."

सातवीला मी बाष्पीभवनही शिकवतो. खारं पाणी उकळलं की पाणी उडून जातं आणि मीठ खाली राहतं. उकळून अर्धं केलं तर जे उरतं ते दुप्पट खारं. तो धडा दिवाळीनंतर असतो.

ते मी त्यांना सांगितलं नाही. आजवर सांगितलेलं नाही.

संक्रांतीनंतर अकोल्याला डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून दोनदा. जन्मभर स्टिअरिंगवर बसलेला माणूस एसटीत मागच्या सीटवर बायकोच्या खांद्याला टेकून जायचा. कंडक्टर ओळखीचे, ते उठून जागा द्यायचे, आणि त्याचीच त्यांना जास्त लाज वाटायची. चैत्र संपायच्या आत ते गेले. तेरवीला मी गेलो तर बाईंनी आतून माझी कॅन आणून समोर ठेवली, घासून लख्ख केलेली. "तुमची राह्यली होती सर."

त्या वैशाखात त्यांनी टाकं पुन्हा धुतलं आणि चुना मारला. आणि त्या वर्षी पाऊस असा पडला की काही विचारू नका. जुलैतच टाकं तोंडापर्यंत भरलं आणि जास्तीचं पाणी नालीला लागलं. मी भिंतीजवळून जाताना बाईंनी हाक मारली आणि पेला पुढे केला.

"पाहा बरं सर, गोड हाये का?"

"तुम्ही नाही पाहिलं?"

"मी बोअरचंच पेतो. या वयात जीभ कायले बिघडवू?"

मी पेला रिकामा केला. पाणी गोड होतं. तसं मी म्हणालो.

"मंग न्या कॅनभर," त्या म्हणाल्या. "मले एकलीले इतकं काय करायचं हाये? तुमच्या घरी लेकरं हायेत, कोनी आजारी पडते, लागते."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी तो खूप शोधला. त्यांनी स्वतः कॅन भरली, तोंडाला फडकं बांधलं आणि मी ती मोटारसायकलला बांधून दर्यापूरला आणली. ती आठ दिवस स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पडून होती. मग बायकोनं ते पाणी कुंड्यांना घातलं. आमच्याकडे यंत्र आहे.