काठावरचा डॉयल हार्गिस

डॉयल हार्गिसच्या तळ्यात आजवर कोणी बुडालं नव्हतं. बुडायची सोयच त्याने ठेवली नव्हती.

तळं दीड एकराचं. डॉयलच्या बापाने दोन टेकड्यांमधला ओढा मातीचा बांध घालून अडवला, त्या काळी मिसूरीच्या त्या भागात ज्याच्या त्याच्या शेतात असं तळं होत होतं. बाकीच्यांनी आपापली तळी गुरांवर आणि नशिबावर सोडली. डॉयल मात्र दर शनिवारी बांधावरून एक फेरी मारायचा आणि बांधाखालून दुसरी. बाहेरच्या पायथ्याशी ओल दिसते का ते बघायचा, पाणउंदरांची बिळं बुजवायचा, सांडव्याच्या जाळीत अडकलेला पाला काढायचा. बांधावर वीतभर रोप दिसलं तरी उपटायचा, कारण झाड मेलं की मुळं कुजतात आणि पाणी नेमकी तीच वाट धरतं.

तळ्यावर यायला कोणाला मनाई नव्हती. उन्हाळ्यात अर्धं गाव तिथे मासे धरायला नाहीतर डुंबायला असायचं. फक्त फाटकातल्या पाटीवरचे नियम पाळायचे. एकट्याने उतरू नये. बांधावरून सूर मारू नये. पिऊन येऊ नये. कोणी बुडत असेल तर काठी द्यावी, काठी पोचत नसेल तर तरंगणारी रिंग फेकावी, स्वतः उडी मारू नये. काठाजवळ डॉयलने दोन ट्रक खडी टाकून तळ घट्ट केला होता, आणि छातीभर पाणी लागतं तिथे खांब ठोकून दोरी बांधली होती. दोरीपलीकडे जायला बंदी होती. मासे धरणाऱ्या पोरांनासुद्धा तो तरंगायचं जॅकेट घालायला लावायचा.

"माशांचं माप घेतलंस का रे?" शेजारचा व्हर्जिल टटल दर वर्षी विचारायचा. "त्यांच्या जॅकेटांचं काय ठरलं?"

"मासे दोरीपलीकडेच असतात," डॉयल म्हणायचा. "त्यांची जबाबदारी माझ्यावर नाही."

स्वतः डॉयल कधी पाण्यात उतरत नसे. काठावर कोणीतरी लागतंच, असं त्याचं म्हणणं, आणि ते सगळ्यांना पटलेलं होतं.

गावातलं बॅप्टिस्ट चर्च लहान. तिथे बाप्तिस्म्याचा हौद नव्हता, म्हणून दर ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी अख्खी मंडळी घडीच्या खुर्च्या घेऊन डॉयलच्या तळ्यावर यायची. बाप्तिस्मा घेणाऱ्यानेही जॅकेट घातलं पाहिजे, असा डॉयलचा सुरुवातीला आग्रह होता. पण या पंथात माणूस अख्खा पाण्याखाली गेला पाहिजे, केसही कोरडा राहता कामा नये, आणि जॅकेट घातलेला माणूस काही केल्या खाली जाईना. शेवटी तडजोड झाली: डुबकीपुरतं जॅकेट काढायचं, वर आला की लगेच चढवायचं. एकतीस वर्षं डॉयल हातात बारा फुटी काठी घेऊन प्रत्येक बाप्तिस्म्याला काठावर उभा राहिला होता. साधा माणूस तीन सेकंद पाण्याखाली असतो आणि जाडा असेल तर चार, हे त्याला तोंडपाठ होतं.

स्वतः त्याने मात्र बाप्तिस्मा घेतला नव्हता. म्हणून चर्चमध्ये सगळे पुरुष एकमेकांना ब्रदर म्हणत, पण डॉयलला मिस्टर हार्गिस. त्याचं देवाशी काहीतरी बिनसलंय असं सगळे धरून चालले होते. तोंडावर विचारायची तिकडे पद्धत नाही. त्याऐवजी ते प्रार्थना करतात, मोठ्याने आणि नाव घेऊन. दर बुधवारच्या प्रार्थनासभेत विल्मा आजीच्या गुडघ्याच्या आधी डॉयलच्या आत्म्याचा नंबर लागायचा. सर्वांत जास्त प्रार्थना त्याची बायको नेल्डा करायची. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती, आणि त्यातला एकही बुधवार तिने चुकवला नव्हता.

खरी गोष्ट एवढीच, की डॉयलला पोहता येत नव्हतं. सहा वर्षांचा असताना पोहायला शिकवतो म्हणून एका काकाने त्याला नदीत फेकलं होतं. असल्या काकांना खरं तर तुरुंगात टाकलं पाहिजे, पण त्यांना लोक हौशी म्हणतात. डॉयलला बाहेर काढलं, पण तेव्हापासून नाकातोंडाला पाणी लागलं की त्याचे हातपाय गार पडत. लग्नाआधी हे नेल्डाला सांगायला लाज वाटली. ती नदीकाठची, माशासारखी पोहणारी. लग्नानंतर, इतके दिवस का सांगितलं नाही, हेही सांगावं लागलं असतं.

त्या मे महिन्यात डॉक्टरांनी नेल्डाच्या हृदयाची झडप बदलायला हवी म्हणून सांगितलं. सप्टेंबरची तारीख मिळाली. जिने चढायचे नाहीत, काही उचलायचं नाही. नेल्डा मरणाला घाबरत नव्हती, पण जेवताना तिने घेवड्याचं भांडं पुढे सरकवत विचारलं,

"डॉयल, मी पुढे गेले तर तू मागाहून त्याच ठिकाणी येणार आहेस की नाही? तेवढं मला कळू दे."

डॉयलने हातातली मक्याची पोळी संपवली.

"ऑगस्टमध्ये," तो म्हणाला. "लॉनीला सांग."

ब्रदर लॉनी म्हणजे त्यांचे पाद्री. नेल्डा उठून मागच्या ओट्यावर गेली. डॉयलला तिचं नाक शिंकरणं ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवसापासून डॉयल न्हाणीचं दार लावून बेसिनमध्ये तोंड बुडवायला लागला. महिनाभराच्या सरावाने दोन सेकंदांपर्यंत मजल गेली. तिसरा सेकंद काही केल्या होईना. तेव्हा त्याने असा विचार केला, की माणूस पाण्याला तयार होत नसेल तर पाणी माणसाच्या बेताचं करावं. ऑगस्ट लागताच त्याने तळाचा व्हॉल्व्ह थोडासा उघडला. एकदम उघडला तर बांधाची ओली आतली बाजू ढासळते. पाणी रोज दीड बोट उतरत गेलं.

"पाणउंदरांची बिळं बुजवायचीत," त्याने नेल्डाला सांगितलं. बिळं खरंच दोन होती.

शेवटच्या रविवारी दोरीपाशी पाणी गुडघ्यापर्यंत आलं होतं. गुडघाभर पाण्यात जॅकेट कशाला, म्हणून डॉयलने ते काठावरच ठेवलं. ब्रदर लॉनींनी डॉयलचा दंड धरून दोरीपर्यंत चालत नेलं आणि ते थांबले. वजनाने ते अडीच माणसांएवढे होते.

"मिस्टर हार्गिस, एवढ्या पाण्यात मी काय बुडवू? तुमचे बूट?"

"मी खाली बसतो ना."

"तुम्ही बसाल हो. मला वाकावं लागेल, आणि मी वाकलो तर मला वर काढायला ट्रॅक्टर आणावा लागेल. चला पुढे."

"पुढे दोरी आहे."

"दोरी तुमचीच आहे ना? उचला."

काठावर बेचाळीस माणसं बघत होती, आणि त्यात नेल्डा होती. डॉयलने दोरी उचलली.

तो दोरीपलीकडे कधी गेलाच नव्हता. त्यामुळे खडी जिथे संपते तिथून पुढे बापाच्या काळापासूनचा गाळ साचलाय, हे त्याच्या ध्यानात कधी आलं नव्हतं. नेहमीइतकं पाणी असतं तर खडीवर उभं राहून छातीभर पाण्यात सगळं पार पडलं असतं. आता चौथ्या पावलाला ब्रदर लॉनी मांडीपर्यंत गाळात गेले, आणि त्यांचा कोट धरून डॉयलही गेला. पाणी गळ्याला लागलं.

व्हर्जिलने काठी उचलली, पण पाणी मागे हटल्यामुळे बारा फूट कुठेच पुरेनात. रिंग फेकली, ती अलीकडच्या उघड्या खडीवर पडली. पाण्यात मात्र कोणीही उतरेना. इतकी वर्षं डॉयलनेच त्यांना पढवलं होतं.

"कोट सोडा," ब्रदर लॉनी म्हणाले. "अंग सैल सोडा आणि हात मारत मागे जा. दहा फूट तर आहे."

"मला पोहता येत नाही," डॉयल म्हणाला.

तो हळूच म्हणाला होता. पण पाण्यावरून आवाज लांब जातो.

"काय म्हणाला?" विल्मा आजीने विचारलं.

"पोहता येत नाही म्हणाला," व्हर्जिलने सांगितलं.

नेल्डा खुर्चीतून उठली. तिने चर्चचे बूट काढले, एकाशेजारी एक नीट ठेवले, आणि फुलाफुलांच्या झग्यासकट पाण्यात शिरली.

"नेल्डा, बाहेर हो!" डॉयल ओरडला. "तुझं हृदय! पाटीवर काय लिहिलंय?"

"गप्प बस," नेल्डा म्हणाली. दोरीपलीकडे तिने पाय खाली टेकलेच नाहीत. पोहत त्याच्या पाठीमागे आली आणि काखेखालून हात घालून तिने त्याला धरलं. "धरलंय मी. आता कोट सोड."

डॉयलने कोट सोडला. ब्रदर लॉनींना गाळातून हलता येत नव्हतं, पण हात मोकळे झाले होते.

"प्रभूवर तुमचा विश्वास आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे," डॉयल म्हणाला. "लहानपणापासून आहे. लवकर करा."

दोघांनी मिळून त्याला पाण्याखाली घातलं. डॉयलने मोजलं. पाच भरले. वर आला तेव्हा तो खोकत होता, आणि नेल्डा त्याला उताणा ओढत खडीकडे निघाली होती. काठावरचे लोक गायला लागले. ब्रदर लॉनींना पुढे दोर बांधून खरोखरच ट्रॅक्टरने काढावं लागलं, पण तोवर नवराबायको घरी निघाले होते.

जुना पिकअप, समोर एकच लांब सीट. नेल्डा आपल्या खिडकीशी बसली होती, अंगावर घोंगडी होती. डॉयल तिच्या श्वासाकडे कान देऊन सावकाश चालवत होता.

"म्हणजे देवाशी तुझं काही वाकडं नव्हतं," ती म्हणाली.

"त्याच्याशी कशाला असेल?"

"फक्त पाणी?"

"फक्त पाणी."

नेल्डाने मांडीवरचा बूट उचलला आणि डॉयलच्या दंडावर हाणला. आणखी एकदा हाणला.

"अठ्ठेचाळीस वर्षं रे! अठ्ठेचाळीस वर्षं मी रडले, तू नरकात जाशील म्हणून!"

"मला लाज वाटायची गं," डॉयल म्हणाला.

तिने बूट खाली टाकला. मग सीटचा पट्टा सोडला, सीटवरून सरकत त्याच्याजवळ आली आणि ओलं डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं. मधल्या जागेला पट्टा नव्हता. घर अजून तीन मैल होतं, आणि रस्त्यावर वळणं होती. डॉयलने तिला पट्टा लाव म्हणून सांगितलं नाही.