खिडकीसाठीचं भांडण

जयसिंगपूरहून कोल्हापूरला येणाऱ्या एसटीत एक आठ-नऊ वर्षांची मुलगी माझ्या शेजारी बसली, तिच्या पलीकडे तिची आई. मुलीच्या तोंडाला मास्क होता आणि नजर सरळ माझ्या खिडकीवर.

"ताई, मी बसतो तिथं," ती म्हणाली.

आई लगेच हळू आवाजात म्हणाली, "द्या की तेवढं. लिव्हर बदललंय तिचं. माझ्यातलंच दिलंय."

मी घाईने उठले. बोलण्यापेक्षा जागा सोडणं मला सोपं जातं. पण मुलीने माझी ओढणी धरली.

"असं नको. आई सांगती आन् सगळी देत्यात. वर्गात पण कोण माझ्यासंगं भांडत न्हाय. आई पण वरडत न्हाय."

मी परत बसले. "मग नाही देत. मी आधी आलेय."

"गाडी काय विकत घेतलीय व्हय तुम्ही?"

"तू तरी कुठं घेतलीयस?"

हातकणंगल्यापर्यंत आम्ही मनसोक्त भांडलो. शेवटी आई वैतागली.

"गप बस की गं! किती डोकं खाशील ताईचं?" ती खेकसली, आणि स्वतःच दचकली.

मुलगी माझ्याकडे वळून ऐटीत म्हणाली, "आमची आई लय कडक हाय."